शेंडा गेलेला माड

माडाला शेंडा एकच. आंब्याची फांदी मोडली तर बाजूने धुमारे फुटतात, शेवगा तर मोडकी फांदी मातीत खोचली तरी जगतो. माडाच्या नशिबी ते नाही. शेंड्यातला कोंब गेला की झाड गेलं. खोड मात्र पुढे किती तरी पावसाळे उभंच असतं, आणि लांबून पाहणाऱ्याला काही क्षण कळतही नाही की ते आता झाड राहिलेलं नाही.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. खारेपाटण समुद्रापासून बरंच आत, विजयदुर्गच्या खाडीने चाळीसेक किलोमीटर वर, शुक नदीच्या काठी. इथेही त्या वाऱ्याने कौलं उधळली आणि आमच्या परड्यातले दोन माड घेतले. एक मुळासकट गडग्यावर आडवा झाला. दुसऱ्याचा, मांगराच्या मागच्याचा, फक्त शेंडा पिळवटून खाली आला आणि खोड उभं राहिलं.

मेलेला माड बागेत ठेवू नये हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. कुजत्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, त्याच्या जाड पांढऱ्या अळ्या आतल्या भुशावर पोसतात, आणि वाढलेला भुंगा शेजारच्या जित्या माडाचा कोंब पोखरायला निघतो. मग नवी चुडतं उलगडतात तीच तिरकी कातरलेली. शेतकी खात्याची माणसं हेच सांगतात आणि ते खरं आहे. सासूबाईंचं म्हणणं त्याहून थेट होतं: "मेल्लो माड परड्यात ठेवूक नये. पावसात मांगरार पडात, मगे काय करतलास?"

आडव्या माडाच्या बुंध्याकडचा तुकडा आम्ही व्हाळावर साकव म्हणून टाकला, उरलेला फोडून जाळला. उभ्यासाठी माणूस मिळाला नाही. वादळानंतर माड चढणाऱ्या गड्यांना दम खायला फुरसत नव्हती, तेवढ्यात पाऊस लागला, पावसानंतर भातकापणी आली. असा तो राहिला. नंतर एका शिमग्याच्या सुमारास त्याच्या बुडाशी ताजा पिवळट भुसा पडलेला दिसला, आणि माड पाडायचा विषय मी घरात काढेनाशी झाले.

तो भुसा सोनपाठी सुतारपक्ष्याच्या कोरण्याचा. हा सुतार आमच्या परड्याला नवा नव्हता. पाठीवर पिवळं सोनं, शेपटीच्या मुळाशी काळा, पांढऱ्या पोटावर काळी खवलेदार नक्षी, डोळ्यातून मागे गेलेली काळी रेघ आणि डोक्यावर लाल तुरा. नराचा सगळा माथा लाल. मादीच्या कपाळावर काळ्यात पांढरे ठिपके, लाल फक्त मागच्या तुऱ्याला. लिनियसने 1758 मध्ये त्याला बंगालचं नाव दिलं, पण तो सगळ्या भारताचा आहे, शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांवरही राहतो. उडताना पंखांचे चार झटके, मग पंख मिटून खाली झोल, पुन्हा चार झटके. उडतानाच तो असा मोठ्याने ओरडतो की न्हाणीघरात असलं तरी कळतं, कुठून निघाला आणि कुठे बसला.

माडाचं लाकूड आंब्याफणसाच्या उलट. ते बाहेरच्या कडेला घट्ट, घराच्या वाशांना चालेल असं, आणि मध्यावर मऊ. झाड मेलं की तो मधला गाभा आधी सडतो आणि भोवतीची भिंत टिकून राहते. सुताराला एवढंच हवं असतं. भिंत फोडण्यापुरतं कष्टाचं काम, एकदा आत गेलं की खाली उतरत जाणारी पोकळी सहज कोरता येते. नर आणि मादी दोघंही आळीपाळीने काम करत. एक आत गेला की आधी ठोके ऐकू येत, ते बसके होत जात, मग डोकं बाहेर येई, चोचीत भुसा, मान झटकून तो वाऱ्यावर सोडायचा आणि पुन्हा आत. भोक माझी मूठ जेमतेम जाईल एवढं, आणि खोड ज्या अंगाला किंचित कललं होतं त्या अंगाला, म्हणजे पाऊस थेट आत जाऊ नये.

इतके ठोके मारून त्याचं डोकं कसं दुखत नाही, हा प्रश्न माझ्या मुलाने लहानपणी विचारला होता. तेव्हा पुस्तकात वाचलेलं उत्तर मी दिलं, की कवटीत धक्के शोषून घेणारं स्पंजासारखं हाड असतं. 2022 मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातल्या सॅम व्हॅन वासेनबर्ग आणि त्यांच्या सोबत्यांनी सुतारांच्या ठोक्यांचं वेगवान चित्रीकरण करून ते उत्तर मोडीत काढलं. डोकं धक्का शोषत नाही, ते अख्खं एका हातोडीसारखं ताठ चालतं. शोषलं असतं तर ठोक्याची ताकदच वाया गेली असती. मेंदू वाचतो तो लहान असल्यामुळे, माणसाच्या मेंदूला जे घातक ठरेल ते त्याला सोसतं. मुलगा आता पुण्याला असतो, त्याला हे फोनवर सांगितलं. मला हे नवं उत्तर जास्त आवडलं. त्यात काही लपवाछपवी नाही, पक्षी अंग राखून मारत नाही.

अंडी मी पाहिली नाहीत आणि पाहायचा हट्टही धरला नाही. सुतारांची अंडी पांढरी स्वच्छ असतात, अंधारात लपवायला रंग लागत नाही. खाली गवतकाडीचा गादीगिरदा नसतो, कोरताना उरलेला भुसा तेवढा. दोन-तीन अंडी, अकराएक दिवसांची उबवण. सुतारांच्या बहुतेक जातींत रात्री अंड्यांवर नर बसतो, आणि आमच्याकडेही तिन्हीसांजेला लाल माथ्याचाच आत जाताना दिसे.

या दिवसांत साळुंक्यांनी फार छळलं. साळुंकीला ढोल हवी असते आणि कोरता येत नाही, म्हणून दुसऱ्याने कोरलेली ती बळकावते. मादी आत, नर बाहेर खोडाला चिकटून तुरा फुलवलेला, आणि साळुंक्यांची जोडी मांगराच्या पाख्यावरून सूर मारतेय, असं सकाळभर चाले. मी हाकलायला धावले तर सुतारही उडायचा, म्हणून मागीलदारी उभी राहून नुसती बघत राहायचे आणि हात चोळायचे. त्यांनी ती ढोल राखली. कशी राखली ते मला नीट सांगता येणार नाही. एक दिवस साळुंक्या आल्या नाहीत, एवढंच.

एप्रिलच्या मध्यावर खोडाला कान लावला तर आतून आवाज यायला लागला. पिल्लांची चिवचिव नव्हे, एकसंध घरघर, न थांबणारी. सुताराचं पिल्लू अंड्यातून निघतं ते उघडंवाघडं, आंधळं, अंगावर लवसुद्धा नाही. आईबाप मुंग्या आणि त्यांची अंडी गिळून पोटात आणतात आणि आत जाऊन पिल्लांच्या घशात ओततात, त्यामुळे चोचीत अळी धरलेला पक्षी घरट्याशी आलाय असं दृश्य इथे दिसत नाही. तो रिकाम्या चोचीने येतो, आत जातो, घरघर वाढते, मग क्षणभर सगळं शांत. हळूहळू घरघर वरच्या बाजूला सरकत आली. पिल्लं भिंतीला धरून वर चढायला शिकत होती. मग एका दुपारी भोकात एक डोकं दिसलं, फिकट, तुऱ्याचे रंग अजून न भरलेले, आणि त्याच्यामागे दुसरं, पहिल्याला ढकलून बाहेर बघणारं.

जन्मल्यापासून साधारण वीस दिवसांत ती उडतात. आमची दोन्ही उडाली तेव्हा आम्ही घरातली सगळी रातांबे फोडायला बसलो होतो, हात लाल झालेले. सासूबाईंनीच आधी पाहिलं. पहिलं पिल्लू माडावरून सुटून थेट फणसावर पोचलं. दुसरं मधेच कमी पडलं आणि केळीच्या खोडावर आदळलं. केळीची साल गुळगुळीत आणि ओली, तिला नख्या लागतात पण धरत नाहीत. शेवाळलेल्या पायरीवर पाय जावा तसं ते हातभर खाली घसरलं, पुन्हा वर उसळलं, पुन्हा घसरलं. सुताराची शेपटी म्हणजे त्याचा तिसरा पाय. मधली पिसं ताठ आणि टोकाला चिवट, ती खोडाला टेकवून तो उभा राहतो. या पिल्लाची शेपटी अजून आखूड होती, टेकायची कशी तेही उमगलेलं नव्हतं. बाप समोरच्या पोफळीवर बसून ओरडत होता. केळीवर आला नाही. शेवटी पिल्लूच तिथून सुटलं आणि गडग्यावर पडल्यासारखं बसलं. जांभ्या दगडाचा गडगा खडबडीत, तिथे नख्या रुतल्या, शेपटी टेकली, आणि ते बराच वेळ हललं नाही.

तो गडगा त्याला ओळखीचा झाला आणि पुढचे सगळे दिवस आम्हाला जे पाहायला मिळालं ते तिथेच.

गडग्यावर आम्ही उन्हाळाभर उष्टंखरकटं ठेवतो. बरक्या फणसाचा चोथा, पिकून काळी पडलेली केळी, थोडा भात, आणि दगडी दोणीत पाणी. बुलबुल, सातभाई, दयाळ, खारी, अधूनमधून भारद्वाज, असं सगळं गोत येतं. सुतार या पंगतीला कधी बसत नसे. फुलातला मध आणि पिकल्या फळाचा गर तो खातो, तरी गडग्यावरच्या फणसाला त्याने चोच लावलेली मी पाहिली नाही. फणसाला मुंग्या लागत. गडग्याच्या फटींमधून काळ्या मुंग्यांच्या रांगा निघून चोथ्यापर्यंत जात, आणि आंब्यावरचे लाल मुंगळेही उतरून येत. बापाने पिल्लाला तिथे आणलं.

"बापाशीन झिलाक आणल्यान हा बघ," सासूबाई म्हणाल्या. झील की चेडू हे त्या वयात ओळखणं अवघड, पण त्यांनी ठरवून टाकलं होतं.

बाप फणसापासून हातभर अंतरावर, मुंग्यांच्या वाटेवर बसे. चोच उघडल्यासारखी वाटे न वाटे तोच जीभ बाहेर येऊन परत गेलेली असे. सुताराची जीभ तोंडात मावत नाही. तिला बाहेर फेकणारी लवचीक हाडं घशापासून मागे कवटीला वळसा घालून पार कपाळापर्यंत जातात, आणि जिभेला लाळेचा चिकटा असतो. त्यामुळे तो मुंग्या टिपत नाही, चाटून घेतो. रांगेतला एक तुकडा नाहीसा होई, मागच्या मुंग्या गोंधळून फिरत, आणि पिल्लू चोच वासून बापाच्या अंगावर चढायला बघे. तो देई. पहिल्या आठवड्यात ते मागेल तेव्हा तो देई. मग देण्यात उशीर करू लागला. पिल्लू मागतंय, बाप आपला मुंग्या चाटतोय, मागे सरतोय, पिल्लू पुन्हा मागतंय. त्या अवधीत पिल्लाने एकदा स्वतः चोच खाली नेली आणि दगडावर ठोका मारला. मुंगी जिवंत निघून गेली. पुन्हा ठोका. जिथे नुसतं चाटायचं तिथे ते घाव घालत होतं.

ते सगळीकडेच घाव घालत होतं. पंपाच्या प्लॅस्टिकच्या नळीवर, मांगराच्या पत्र्यावर, पत्र्याच्या आवाजाने स्वतःच दचकून उडालं. दोणीच्या दगडावर. जित्या माडाच्या टणक खोडावर, जिथून काहीच निघालं नाही. आणि मग आपल्या जन्मखोडावर, शेंडा गेलेल्या माडावर, खालच्या बाजूला सालीच्या सुटलेल्या पोपड्याखाली. तिथून पांढरं काहीतरी निघालं, वाळवी असावी, आणि ते पिल्लाने खाल्लं. मी रातांब्याची पाटी तशीच टाकून उठले होते. ते पुन्हा तिथेच वळलं, पोपडा चोचीने उचकटला, मान तिरकी करून आत पाहिलं, आणि पहिल्यांदा ठोका न मारता जीभ घातली.

दुसरं पिल्लू आईबरोबर व्हाळापलीकडे असायचं, काजूच्या राईत. सुतारांच्या पुष्कळ जातींत आईबाप पिल्लं अशी वाटून घेतात. ओरडणं ऐकू येई, कधी दोन्हीकडून एकदम. एका सकाळी पलीकडून फक्त आईचा आवाज आला. शिक्रा त्या राईत नेहमी असतो. पुढे ते दुसरं पिल्लू दिसलं नाही.

माझी नणंद अमेरिकेत न्यू जर्सीला असते, एडिसनला. तिला गडग्यावरच्या पिल्लाचं चित्रण पाठवलं तर तिने जूनमध्ये तिच्या मागच्या अंगणातलं पाठवलं. जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात खाण्याची वडी टांगलेली, आणि त्याला लटकलेला डाऊनी वुडपेकर, आपल्या चिमणीच्या मापाचा, काळापांढरा. त्याच्या पिल्लाच्या माथ्यावर लाल टिळा असतो. तोच लाल, नर मोठा झाला की माथ्यावरून जातो आणि मानेच्या मागे येतो. तिकडे या वडीसाठी बैलाची चरबी वापरतात, ती नणंदेला घरात नको, म्हणून शेंगदाण्याची आणते, तीही चालते. तिथेही बाप आधी स्वतः वडीचा तुकडा काढून पिल्लाच्या चोचीत देतो, मग काही दिवसांनी नुसता शेजारी बसतो. तिकडे हे बघायची शिस्तच लागलेली आहे. फीडरवॉच नावाचा उपक्रम 1987 पासून सबंध उत्तर अमेरिकेत चालतो, हिवाळाभर माणसं आपल्या परसातले पक्षी मोजून कळवतात. आपल्याकडे 2013 पासून दर फेब्रुवारीत चार दिवस अशी परसातली गणना होते. या वर्षी मुलाने आमच्या परड्याची यादी भरली, सुतारासकट.

नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्ही पण एक वडी टांगा ना." मला तिची माया कळली. पण आमच्याकडे टांगायला वडी नव्हती तरी पिल्लू जेवत होतं. फणस मुंग्यांनी खाल्ला, मुंग्या पिल्लाने खाल्ल्या, आणि मेलेल्या माडाने वाळवी पोसली ती त्याच्याच ढोलीत वाढलेल्याला मिळाली. सुताराला आपण खाणं देऊ शकू ते असंच, आडवळणाने. थेट देण्यासारखी एकच गोष्ट आहे, वाळलेलं झाड उभं ठेवणं. आणि नेमकं तेच आपल्याला जमत नाही. वाळलेलं दिसलं की हात शिवशिवतात. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला तेव्हा रस्त्याकडेची जुनी झाडं गेली, पोटात ढोली असलेले वड-आंबे गेले. त्यांच्या जागी लावलेली रोपं सुताराला ढोल देण्याइतकी म्हातारी होईपर्यंत मी नसेन.

हे गाव तरी कशावर उभं आहे? शके 930 च्या, म्हणजे इ.स. 1008 च्या, शिलाहार रट्टराजाच्या ताम्रपटात परदेशातून येणाऱ्या गलबतांवर सोन्याच्या नाण्यांची पट्टी बसवून ती देवळाला दिल्याची नोंद आहे. तो ताम्रपट इथे, खारेपाटणात, सापडला. एवढं मोठं बंदर. खाडी गाळाने भरत गेली, गलबतं यायची थांबली, बंदर मेलं. शुक नदी अजूनही पावसाळ्यात बाजारपेठेत शिरते, दुकानदार सामान माळ्यावर चढवतात, आणि पाणी ओसरताना नदीकाठच्या बागांत नवा गाळ सोडून जाते. त्या गाळावर माड-पोफळी पोसतात. आमचे माडही त्यातलेच. नदीचं नुकसान मी विसरत नाही, बाजारात चिखल उपसणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. पण बाग कुठून आली तेही मी विसरू शकत नाही.

वळवाच्या पहिल्या पावसात पिल्लू माडावरच होतं, खोडाच्या कललेल्या अंगाखाली बिलगून राहिलं, म्हणून भिजलं नाही. तोवर बाप त्याला देईनासा झाला होता. मागायला गेलं की तो उडून पलीकडच्या झाडावर बसे, आणि एकदा तर त्याने चोचीने ढकललं. मृग लागला, पाऊस धरला, आणि पिल्लाचा आवाज नदीच्या अंगाला, मग नदीपलीकडे ऐकू यायला लागला. जूनच्या अखेरीस परड्यात फक्त जुनं जोडपं राहिलं. ढोलीत पुढच्या उन्हाळ्यात साळुंक्यांनी संसार मांडला. सुतार बहुधा दरवर्षी नवी ढोल कोरतात, जुनी मागच्यांसाठी सुटते.

गेंड्या भुंग्याचं काय, हा प्रश्न मी टाळत नाही. सुतार आहे म्हणून भुंगा होत नाही असं मला म्हणता येणार नाही. दर पावसाआधी गडी जित्या माडांवर चढून कोंबातली भोकं तपासतो, आकड्याने भुंगे ओढून काढतो. शेणखताचा ढीगही आम्ही आता उलथून बघतो, कारण भुंगा तिथेही वाढतो. हे काम मेलेला माड नसता तरी करावंच लागलं असतं, आता थोडं जास्त करावं लागतं. ते जास्तीचं काम मी आनंदाने करवून घेते.

यंदा गड्याने माडावर थाप मारून पाहिली. "वयनीनू, आतून पोकळ झालो हा. अजून दोन पावस काडीत, जास्ती नाय." मांगराच्या बाजूने दोर बांधून घेतला आहे, पडला तर व्हाळाकडे पडेल असा. त्याच वेळी मी त्याला व्हाळाजवळचा काजू दाखवला. रोठा, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागून त्याची एक जाड फांदी वाळली आहे. ती तोडू नकोस म्हटलं तर तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "फांदी ऱ्हवांदे. पण बुंध्यातलो रोठो काडूकच व्हयो, नायतर आख्खो काजू जातलो." रोठा त्याने त्याच दुपारी पटाशीने खोदून काढला, भोकं औषध घालून चिखलाने लिंपली. फांदी ठेवली आहे.